बाहुल्यांचा छंद : त्याचें आकर्षण आणि त्याचे दोष

दिवाळीला आठ-दहा दिवस उरले, कीं पुण्यांत मंडईच्या आसपास मातीच्या चित्रांचीं दुकानें मांडलीं जातात. सिंहासनावर बसलेले शिवाजीमहाराज, ढाल-तलवार घेतलेले मावळे, तोफेजवळ उभा असलेला गोलंदाज, तुतारी फुंकणारा, डोक्यावर घागर घेतलेली गवळण, टाळ घेतलेला वारकरी आणि गुहेच्या तोंडाशीं बसवावयाचा वाघ, अशी सारी मंडळी फळ्यांवर ओळीनें उभी असते. पुण्यांत ह्या लहान मूर्तींना ‘चित्रें’ म्हणतात. गेल्या वर्षींच्या मावळ्यांपैकीं किती शाबूत आहेत ह्याचा हिशेब मुलें घरींच करून येतात, आणि जितके भंगले असतील तितके नवे घेऊन जातात. अंगणांत दगड-माती रचून, वर अळीव पेरून केलेल्या किल्ल्यावर हीं चित्रें चार-सहा दिवस नांदतात, व मग खोक्यांत कागदाच्या घड्यांमध्यें निजून पुढील दिवाळीची वाट पाहतात.

ह्याच पुण्यांत आतां दुसऱ्याहि एका प्रकारचे संग्राहक दिसूं लागले आहेत. ते वयानें मुलें नव्हेत. बहुधा स्वतःच्या मिळकतींतून खर्च करणारे तरुण-तरुणी होत. त्यांच्या खोलींतील कपाटांत, कांचेआड, मोठ्या डोक्याच्या आणि काळ्याभोर वाटोळ्या डोळ्यांच्या व्हिनाइलच्या बाहुल्या रांगेनें मांडलेल्या असतात. घरांतील वडील माणसांना त्या पाहून हंसूं येतें आणि किंमत कळली म्हणजे राग येतो; तरुणांना वडिलांच्या हंसण्याचा राग येतो; आणि अशा रीतीनें चार इंचांची बाहुली सुशिक्षित घरांत बऱ्याच मोठ्या वादाला कारण होते. हा वाद नुसत्या आवडीनिवडीचा असता तर त्यासाठीं भाषणाची गरज नव्हती. परंतु त्यांत पैशाचा, मुलांच्या संवयींचा आणि आपल्या कारागिरांच्या पोटाचाहि प्रश्न गुंतलेला आहे. म्हणून ह्या छंदांत गोडी कशाची आहे व धोका कोठें आहे, ह्याचा शांतपणें विचार केलेला बरा.

प्रथम ह्या बाहुल्यांची कुळकथा पाहूं. अमेरिकेंतील वॉशिंग्टन राज्यांत १९९८ सालीं माइक बेकर नांवाच्या गृहस्थानें ‘फंको’ ही कंपनी काढली. जुन्या जाहिरातींतील ओळखीचीं पात्रें मान डोलावणाऱ्या बाहुल्यांच्या रूपानें विकावीं, हा तिचा मूळ उद्योग. २०१० सालीं तिनें ‘पॉप’ ह्या नांवाची माला सुरू केली. चित्रपटांतील वीर असो, व्यंगपटांतील प्राणी असो, खेळाडू असो कीं गवई असो, प्रत्येकाला एकाच ठरलेल्या घडणींत बसवावयाचें: डोकें धडाहून मोठें, डोळे म्हणजे दोन काळीं बटणें, तोंड बहुधा नाहींच, आणि उंची सुमारें पावणेचार इंच. पूर्वेकडे हा ओघ त्याआधींच सुरू झाला होता. हाँगकाँगमधील मायकेल लाउ ह्या चित्रकारानें १९९९ सालीं आपल्या बाहुल्यांचें प्रदर्शन मांडलें, आणि खेळण्याला चित्रकाराच्या कृतीचा मान मिळूं लागला. २००१ सालीं जपानांत ‘बेअरब्रिक’ हें अस्वलाच्या आकाराचें चित्र निघालें. अलीकडे जिनें जगभर धुमाकूळ घातला ती दांत विचकून हंसणारी ‘लबूबू’ ही कासिंग लुंग ह्या चित्रकाराच्या २०१५ सालच्या चित्रकथांतून जन्मली, व पुढें ‘पॉप मार्ट’ ह्या चिनी कंपनीनें ती बाजारांत आणली. २०२५ सालीं बीजिंग येथें माणसाएवढ्या उंचीची एक लबूबू लिलावांत दहा लक्ष युआनांहून अधिक किंमतीला गेली.

व्हिनाइल म्हणजे पॉलिव्हिनाइल क्लोराइड. पाण्याच्या नळ्यांसाठीं आपल्याकडे सर्रास वापरतात तोच हा पदार्थ. तो स्वभावतः कडक आहे. १९२६ सालीं वॉल्डो सेमन ह्या अमेरिकन रसायनज्ञानें त्यांत विशिष्ट तेलकट द्रव्यें मिसळून तो मऊ करण्याची युक्ति काढली. बाहुली करतांना धातूच्या साच्यांत हा रस ओतून साचा तापवितात. साच्याच्या भिंतीला लागलेला थर घट्ट होतो, उरलेला रस काढून टाकतात, आणि मग आंतून पोकळ असलेली बाहुली साच्याच्या तोंडांतून ओढून काढतात. ती मऊ असल्यामुळें अरुंद तोंडांतूनहि न फाटतां बाहेर येते. आपल्या कुंभाराची रीतहि मुळांत ह्याच जातीची आहे. दोन अर्ध्यांचा साचा, त्यांत दाबून बसविलेली माती, सांधा पुसून घेणें, वाळविणें आणि रंगविणें. भेद आहे तो दृष्टीचा. कारखान्यांत हजार बाहुल्या एकसारख्या निघाल्या तर काम चोख झालें असें मानतात. मंडईंतल्या चित्राचे डोळे आणि मिशा कुंचल्याच्या फटकाऱ्यानें उमटलेल्या असतात, म्हणून एकाच साच्यांतले दोन मावळे शेजारीं ठेवले तर एक रागीट व दुसरा भाबडा दिसतो. आणि कोणता घ्यावा, ह्यासाठीं मुलें दुकानापुढें पुष्कळ वेळ घालवितात!

आतां ह्या बाहुल्यांत असें काय आहे, कीं शिकलेल्या माणसानेंहि त्यांच्या मागें लागावें? पहिलें कारण त्यांच्या घडणींतच आहे. मोठें डोकें, रुंद कपाळ, चेहऱ्याच्या खालच्या भागांत बसविलेले मोठे डोळे आणि आंखूड हातपाय हीं तान्ह्या मुलाचीं लक्षणें होत. हीं लक्षणें दिसतांच माणसाच्या मनांत वात्सल्य जागें होतें, असें कोन्राड लोरेन्झ ह्या प्राणिशास्त्रज्ञानें १९४३ सालीं प्रतिपादन केलें. म्हणून दैत्याची बाहुली केली तरी ती गोजिरवाणी वाटते. दुसरें कारण ओळखीचा आनंद. चेहऱ्याचे बारकावे गाळून टाकले, कीं उरलेल्या एक-दोन खुणांवरून पात्र ओळखण्याचें काम पाहणाऱ्याच्या मनाला करावें लागतें, आणि तें साधलें म्हणजे मन खूष होतें. हें कांहीं परदेशीयांनीं शोधून काढलें असें नव्हे. पगडी, मिशी आणि ढाल एवढ्यावर आपला मावळा उभा आहे; फेटा बदलून हातांत टाळ दिले कीं त्याचाच वारकरी होतो. खुणांवर चालणारी ही कला आहे, आणि तिला बालिश म्हणून नाक मुरडणाऱ्यानें प्रथम आपल्या गणपतीच्या मूर्तीकडे पाहावें. हुबेहूबपणाचा हट्ट आपल्या परंपरेनें कधींच धरलेला नाहीं.

तिसरें कारण संग्रह ह्या गोष्टींतच आहे. विस्कळित जगांत एक कप्पा तरी आपल्या मनासारखा लावलेला असावा, ही इच्छा पुष्कळांना असते. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला घरोघर जी आरास होते तिच्यांत जुनीं खेळणीं व बाहुल्या मोठ्या हौसेनें मांडतात. मंडईशेजारच्या तुळशीबागेंत पितळेची भातुकली मिळते. तिच्यांतील बोटभर बंब, पळी-पंचपात्र, पाटा-वरवंटा आणि शेगडी एकेक करून जमवितांना प्रौढ बायकाहि रमून जातात. हा संच पुरा करण्याचा आनंद व्हिनाइलच्या बाहुल्या जमविणाऱ्या तरुणाच्या आनंदाहून निराळा नाहीं. शिवाय एकच छंद असलेल्यांची आपसांत ओळख होते, देवघेव होते, आणि परगांवीं नोकरीनिमित्त एकट्या राहणाऱ्या माणसाला ह्या निमित्तानें चार स्नेही मिळतात. हा लाभ लहान मानण्याचें कारण नाहीं.

संग्रह कोणत्या उंचीला जाऊं शकतो, ह्याचा दाखला मंडईहून पायीं जाण्याजोग्या अंतरावर आहे. दिनकर गंगाधर केळकर ह्यांनीं १९२० च्या सुमारास जुन्या वस्तु जमविण्यास आरंभ केला. अडकित्ते, दिवे, दौती, वज्र्या, फण्या, बाहुल्या अशा ज्या वस्तूंना बाजारांत मोडीची किंमत होती, त्या त्यांनीं गांवोगांव हिंडून मिळविल्या. अकालीं गेलेल्या आपल्या मुलाचें नांव त्यांनीं ह्या संग्रहाला दिलें. सुमारें २०,००० वस्तूंचा हा संग्रह पुढें त्यांनीं सरकारच्या स्वाधीन केला, आणि आज राजा दिनकर केळकर वस्तुसंग्रहालय हें पुण्याचें भूषण आहे. तेथील अडकित्ता पाहतांना तो किती दुर्मिळ आहे हें आपल्या मनांत येत नाहीं. तो कोणी घडविला असेल, कोणाच्या हातांत खेळला असेल, हें मनांत येतें. संग्रहाच्या खऱ्या मोलाची हीच खूण होय.

येथवर ह्या छंदाची चांगली बाजू झाली. आतां दोषांकडे वळूं.

पहिला दोष असा, कीं जुना संग्राहक दुर्मिळ वस्तु शोधीत असे. ह्या धंद्यांत दुर्मिळता मुद्दाम निर्माण केली जाते. एखादी बाहुली काढावयाची, थोड्या दिवसांनीं तिची घडण बंद केल्याचें जाहीर करावयाचें. तिचाच रंग बदलून एक विरळा प्रकार सहांत एक अशा प्रमाणांत खोक्यांत मिसळावयाचा. ह्याहून घातक प्रकार बंद डब्यांचा आहे. डब्यावर संचांतील सर्व चित्रें छापलेलीं असतात, पण आंत कोणतें आहे तें डबा फोडल्यावांचून कळत नाहीं.

ह्यांत गिऱ्हाईक कसें गुंतत जातें तें थोड्या गणितानें समजेल. समजा, एका संचांत १२ चित्रें आहेत आणि प्रत्येक मिळण्याचा संभव सारखा आहे. सुटे डबे घेत गेल्यास पहिलीं ६ निरनिराळीं चित्रें सरासरीनें ८ डब्यांत हातीं येतात. माणसाला वाटतें, अर्धें काम झालें, तेव्हां आणखी ८ डबे पुरेत. परंतु जसजसा संच भरत जातो तसतसें जवळ असलेलेंच चित्र पुनः पुनः निघूं लागतें. शेवटचें एकटें चित्र मिळावयास सरासरीनें १२ डबे लागतात, आणि सबंध संचाला सुमारें ३७. म्हणजे १२ चित्रांसाठीं ३७ चित्रांची किंमत! त्याखेरीज कांहीं संचांत १४४ डब्यांत एक अशा प्रमाणांत एक गुप्त चित्र घातलेलें असतें. कोणीं खरोखरच सुटे असे १४४ डबे घेतले तरी दर शंभर माणसांपैकीं सुमारें ३७ जणांच्या हातीं तें लागणार नाहीं. ह्याला खेळणें म्हणावें कीं सोडत, हें श्रोत्यांनींच ठरवावें. चीन देशांत २०२३ सालीं निघालेल्या नियमांप्रमाणें ८ वर्षांखालील मुलांना असे डबे विकण्यास मनाई झाली आहे, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

दुसरा दोष ह्या बाहुल्यांना ठेव समजण्याचा. ‘आज हजार रुपये घातले, उद्यां दहा हजार होतील,’ असें पुष्कळ तरुण आईबापांना सांगतात. एखाद्या बाहुलीच्या बाबतींत तसें घडतेंहि, आणि तिचीच वार्ता सर्वत्र होते. न विकल्या गेलेल्या शेंकडों बाहुल्यांची वार्ता कोणी देत नाहीं. अमेरिकेंत १९९० नंतरच्या दशकांत ‘बीनी बेबीज’ नांवाच्या कापडी प्राण्यांबद्दल असेंच वेड पसरलें होतें. दशक संपतां संपतां तें ओसरलें, आणि ज्यांनीं मुलांच्या शिक्षणासाठीं म्हणून ते सांठविले त्यांच्या घरीं नुसतीं खोकीं उरलीं. स्वतः फंको कंपनीनें २०२३ सालीं असें जाहीर केलें, कीं वखारींत न खपलेला ३ कोटि ते ३ कोटि ६० लक्ष डॉलर किंमतीचा माल ठेवण्यापेक्षां तो नष्ट करणें तिला स्वस्त पडतें. जी वस्तु तिचा उत्पादकच मोडींत काढतो, तिच्यांत म्हातारपणाची तरतूद शोधणें शहाणपणाचें नव्हे. भारतांत तर आणखी एक अडचण आहे. बाहेरून येणाऱ्या खेळण्यांवरील जकात २०२० सालीं शेंकडा २० ची ६०, आणि २०२३ सालीं ७० झाली. येथील खरेदीदार मुळांतच चढी किंमत देतो. विकावयास निघाला म्हणजे जकातीचा भाग त्याला कोण भरून देणार? ह्या चढ्या भावामुळेंच नकली मालाचाहि सुळसुळाट झाला आहे.

तिसरा दोष सूक्ष्म आहे. भाव टिकावा म्हणून पुष्कळ संग्राहक बाहुली खोक्यांतून बाहेरच काढीत नाहींत. खोक्याचा कोपरा दुमडला तरी त्यांना हळहळ वाटते. खेळणें खेळावयाचें नाहीं, चित्र हातांत घ्यावयाचें नाहीं, तर मग आपण जमविलें काय? किल्ल्यावरच्या मावळ्याचा हात मोडतो, त्याला डिंकानें जोडतात, पुढच्या वर्षीं तो जखमी शिपाई म्हणून बुरुजावर उभा राहतो, आणि घरांतील मुलांना तोच सर्वांत प्रिय असतो. वस्तूला असा इतिहास लाभावयाचा तर ती वापरांत यावी लागते.

चौथा दोष पदार्थाचा. व्हिनाइल मऊ राहावें म्हणून घातलेलीं द्रव्यें वर्षांनुवर्षें हळूहळू पृष्ठभागावर येतात, व बाहुली चिकट होते. उन्हानें रंग उडतो. आणि इतकें होऊनहि ती कुजत नाहीं. शाडूचें चित्र मात्र पाण्यांत भिजत घातलें कीं त्याची पुन्हां माती होते. तथापि येथें पक्षपात करूं नये. मंडईंतील चित्रेंहि पुष्कळदां प्लॅस्टर ऑफ पॅरिसचीं व तैलरंगांचीं असतात. तीं विरघळत नाहींत. देशी म्हणून सर्वच निर्दोष असें समजण्याचें कारण नाहीं; घेतांना विचारून घ्यावें.

पांचवा दोष आपल्या शहरापुरता आहे. फंकोच्या एका अस्सल बाहुलीला हजार रुपयांच्या वर मोजतांना जो तरुण कचरत नाहीं, तोच मंडईंत कुंभारिणीशीं दहा रुपयांसाठीं घासाघीस करतो. तिच्या चित्रांचा हंगाम वर्षांतून पंधरा दिवसांचा; साचे जपणें, माती मळणें व रंगविणें हें काम त्याआधीं कित्येक महिने चालतें. गिऱ्हाईक रोडावलें तर पुढची पिढी साचा हातीं धरणार नाहीं, आणि साचे एकदां फुटले म्हणजे तीं चित्रें कोणत्याहि लिलावांत मिळणार नाहींत. खरी दुर्मिळता ती ही. सबंध जगाला पुरेल इतक्या संख्येनें निघणारी वस्तु आपण दुर्मिळ म्हणून जपतों, आणि दाराशीं खरोखर विरळ होत चाललेल्या वस्तूकडे पाहत नाहीं, ही चमत्कारिक गोष्ट आहे.

मंडईच्या इमारतीच्या इतिहासांतहि ह्या विषयाला लागू पडणारी एक गोष्ट आहे. पूर्वीं शनिवारवाड्यापुढील पटांगणांत भरणारा बाजार १८८६ सालीं ह्या नव्या इमारतींत आला, आणि गव्हर्नर लॉर्ड रे ह्यांच्या नांवानें ती ‘रे मार्केट’ म्हणून ओळखली जाऊं लागली. तिच्यासाठीं होणाऱ्या मोठ्या खर्चाला ज्योतिराव फुल्यांनीं विरोध केला होता. शिक्षणासारख्या गरजा अडून राहिल्या असतां नगरपालिकेनें इमारतीवर पैसा ओतूं नये, असें त्यांचें म्हणणें. पुढें त्याच इमारतीला महात्मा फुले मंडई हें नांव मिळालें. इमारत उपयोगी ठरली, ह्यांत शंका नाहीं. परंतु फुल्यांचा प्रश्नहि खोटा ठरला नाहीं. हातीं असलेला पैसा थोडा असतो, आणि एका ठिकाणीं गेला म्हणजे दुसऱ्या ठिकाणीं कमी पडतो. नगरपालिकेला हें जसें लागू, तसेंच पहिल्या पगाराच्या तरुणालाहि लागू.

मग करावें काय? छंद सोडावा असें मी म्हणणार नाहीं. छंद नसलेला माणूस पैसा वांचवितोच असें नाहीं. तो बहुधा दुसऱ्या कांहींतरी निरर्थक गोष्टींत घालवितो. परंतु कांहीं बंधनें स्वतःला घालून घ्यावीं. वर्षाला अमुक एवढीच रक्कम, हें आधीं ठरवावें व लिहून ठेवावें. संग्रहाला विषय असावा. बाजारांत जें येईल तें घेत गेल्यास संग्रह विक्रेत्याच्या इच्छेनें वाढतो. बंद डबा घेऊं नये. आंत काय आहे हें दिसतें तेंच घ्यावें, मग तें थोडें महाग पडलें तरी चालेल. खोकें फोडावें. प्रत्येक वस्तूची नोंद ठेवावी: ती कोठून आली, कोणीं घडविली, ती आपणांस कां आवडली. ह्या शेवटच्या प्रश्नाचें उत्तर एका वाक्यांत लिहितां आलें नाहीं, तर ती वस्तु दुकानांतच राहूं द्यावी.

वडील मंडळींनींहि थोडें करण्यासारखें आहे. थट्टेनें हव्यास कमी होत नाहीं, तो चोरून वाढतो. त्यापेक्षां मुलाला जवळ बसवून ‘ही कोणाची बाहुली? हिची गोष्ट काय?’ असें विचारावें. तो रंगून सांगूं लागला तर छंद खरा आहे असें समजावें. किंमतीखेरीज त्याला दुसरें कांहीं सांगतां आलें नाहीं, तर वर सांगितलेलें ३७ डब्यांचें गणित त्याच्याकडूनच करवून घ्यावें. लहान मुलांना तर थोडा शाडू आणि चार रंग आणून द्यावे. स्वतःच्या हातानें वाकडातिकडा मावळा घडविलेलें मूल बाजारांतील चित्र निराळ्या डोळ्यांनीं पाहूं लागतें. त्यांतील मेहनत त्याला कळते, आणि कुंभारिणीनें सांगितलेली किंमत त्याला फार वाटत नाहीं.

माणूस ज्या वस्तु जवळ करतो त्यांवरून त्याची पारख होते, असें आपण म्हणतों. तें खरें असेल तर व्हिनाइल कीं माती, परदेशी कीं देशी, हा प्रश्न दुय्यम आहे. त्या वस्तूमुळें आपली दृष्टि अधिक बारीक झाली कीं नाहीं, आणि ती घडविणाऱ्याविषयीं आपल्या मनांत आदर वाढला कीं नाहीं, हें पाहावें. ज्या संग्रहामुळें हें साधतें तो लहान असला तरी श्रीमंत होय. ज्यामुळें साधत नाहीं, तो कपाट भरून ओसंडला तरी नुसता सांठा.